देवाचा गहिवर

वारंगा फाट्याजवळच्या मठात दगड बोलतो, ही बातमी पंचक्रोशीत पसरायला आठवडाही लागला नाही. शेंदूर फासलेला हातभर दगड, समोर मुंगीलाही शिरायला जागा नाही अशी गर्दी, आणि त्या गर्दीत तोंडाला पदर लावून खोकणारी भिकाबाई. शेजारी तिची लेक शितल, बंजारा तांड्याच्या रीतीनं आईला 'याडी' म्हणणारी. हिंगोलीच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवणाऱ्या शितलला इथं यायचंच नव्हतं. पण मागच्या खेपेला या दगडानं "सरकारी गोळ्या सोड, अंगारा घे," असं फर्मावलं होतं, आणि टीबीचा अर्धा कोर्स बाकी असताना आईनं गोळ्या बंद केल्या होत्या. म्हणून हा दगड बोलतो तरी कसा, ते बघायला शितल आली होती.

"जागृत देव हाय!" मठाचे महाराज गरजले. "विचाराल ते सांगतो. फक्त लोडशेडिंगच्या टायमाला समाधीत असतो. तवा हाक मारू नका!"

लोकांना हेही पटलं होतं.

घंटा वाजली आणि दगड बोलला, "माझ्या ले… ले… लेकरांनो…"

"देवाला गहिवरून आलं गं बाई!" गर्दीतल्या मिराबाईनं हुंदका दिला, अन् सगळा मठ डोळे पुसू लागला.

शितलनं मात्र कान टवकारले. हा गहिवर तिच्या ओळखीचा होता. क्लासात जागा पुरेना, म्हणून पुढच्या खोलीतल्या सरांचं शिकवणं मागच्या खोलीत ऐकू जाईल अशी सोय तिनंच केली होती. एक कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, माइकमधला आवाज घेतो आणि त्याचे बारीक तुकडे करून नेटवर्कवर सोडतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं क्लायंट नावाचं सॉफ्टवेअर ते तुकडे जोडून वाजवतं. तुकडे उशिरा पोचले की सरांनाही असंच गहिवरून येई.

दुसऱ्या दिवशी ती क्लासचा लॅपटॉप घेऊन आली. मठाच्या वायरलेस नेटवर्कला पासवर्डसुद्धा नव्हता. तिनं क्लायंट सुरू केलं. आरतीनंतर दगड बोलू लागला, तसा तोच आवाज शितलच्या मांडीवरूनही येऊ लागला.

"ऐकलं का? हे यंत्र हाय, देव न्हाई!" ती ओरडली.

"अरे, देव पोरीच्या डब्यात आला!" गर्दी डब्यापुढं वाकली. कुणीतरी कीबोर्डवर कुंकवाचं बोटही टेकवलं.

शितल रडकुंडीला आली. माइक जवळच असणार हे ओळखून ती तडक मठाच्या मागच्या खोलीत घुसली. तिथं महाराजांचा भाचा रामकिशन माइकसमोर बसला होता. तिनं दार सताड उघडं टाकलं आणि माइक हिसकावून घेतला.

"याडी, मी शितल बोलून राहिले. हा देव न्हाई, रामकिशन हाय. दगडाच्या चौथऱ्यात स्पीकर हाय. काहून सोडल्या गं गोळ्या? मरशील ना! घे गं याडी…"

तिला हुंदका फुटला. एवढ्या दिवसांत त्या दगडाला पहिल्यांदाच खरं गहिवरून आलं होतं.

गर्दीतल्या धर्मसिंगनं उघड्या दारातून आत पाहिलं, कपाळावर हात मारला आणि चपला शोधून घरची वाट धरली. आणखी दोघं-तिघं त्याच्यामागं गेले. बाकीच्यांनी माना वळवल्याच नाहीत. महाराजांनी दोन्ही हात वर केले, "लेकीच्या तोंडून देवाचा हुकूम झाला!"

संध्याकाळी तांड्यावर भिकाबाईनं मठाच्या दिशेनं हात जोडले आणि गोळी गिळली.

"याडी, ती मी होते."

"व्हय गं लेकरा. तुझ्याच तोंडून बोलला देव."

शितल खाली बसली. उरलेल्या गोळ्या तिनं मोजल्या. आज गोळी पोटात गेली खरी. पण देवानं सांगितलं म्हणून गोळी घेणारा माणूस उद्या देवानं सांगितलं म्हणून सोडतोही, आणि माइक पुन्हा रामकिशनच्या हातात गेला होता.

तेव्हा बाबांनो, दगड बोलू लागला तर हात जोडण्याआधी मागच्या खोलीचं दार उघडा. आणि ते कुणी आधीच उघडलेलं असेल, तर निदान आत बघा.