एक थेंब जाड तेल

पेन्सिलीच्या टोकावर अडकवलेलं बेअरिंग ताईने टिचकी मारून फिरवलं आणि डाव्या कानाशी नेलं. उजव्या कानाचा तिला भरवसा नव्हता; चोवीस वर्षं दाताच्या यंत्रांची शिट्टी ऐकून तो केव्हाच कामातून गेला होता. बेअरिंग बारीक आवाज करत फिरत राहिलं. खरखर नाही, अडखळणं नाही, मध्येच दम टाकणं नाही.

"यात काही बिघाड नाहीये," ती म्हणाली.

"आहे, ताई. नीट बघ."

"या महिन्यात तिसऱ्यांदा बघतेय."

"मग चौथ्यांदा बघ," भाऊ म्हणाला आणि स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसला.

हे टेबल दाताच्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात होतं. वर डॉक्टर ज्या यंत्राने दात कोरतात, त्याच्या डोक्यात तान्ह्या बाळाच्या अंगड्याच्या बटणाएवढी दोन बेअरिंगं असतात. ती झिजली, चिकटली, ओरडायला लागली की यंत्र खाली ताईकडे येतं. ते खोलायचं, धुवायचं, वाळवायचं, तेल द्यायचं आणि वर पाठवायचं, हेच तिचं आयुष्यभराचं काम. डॉक्टर बदलत गेले, खुर्च्या बदलल्या, ताई तळघरातच राहिली. आजवर तिच्या हातून एकही यंत्र 'का बिघडलं ते कळत नाही' असा शेरा घेऊन परत गेलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवतही नसे.

भाऊ तिच्याहून सहा वर्षांनी लहान. चव्वेचाळिशीला आला तरी सगळे त्याला भिंगरीच म्हणत. लोक कचेरीत जातात तसा हा यो-यो घेऊन घराबाहेर पडे. शाळांमधून, क्लबांमधून शिकवी, कार्यक्रम करी, स्पर्धांना पंच म्हणून जाई. आईवडिलांनी आधी डोक्याला हात लावला होता, मग नाद सोडला होता, आणि शेवटी त्याचे फोटो पाहुण्यांना दाखवायला लागले होते. त्याच्या यो-योच्या पोटातलं बेअरिंग मात्र पहिल्यापासून ताईच्याच हाताखालून जायचं. तिच्या नेहमीच्या बेअरिंगांपुढे ते चांगलं बैलाएवढं होतं. ती थट्टेने म्हणायची, याला धुवायला बादलीच लागेल.

भिंगरीची तक्रार एकच होती. यो-यो परत येत नाही.

आता, लहानपणी सगळे खेळतात त्या यो-योला झटका दिला की तो आपोआप हातात येतो. भिंगरीचा तसा नव्हता. तो खाली गेला की दोरीच्या टोकाशी मिनिटं न् मिनिटं फिरत राही. कितीही ओढा, ढिम्म हलत नसे. त्याला बोलवायचं तर दोरीची एक घडी मनगटाच्या हलक्या हिसक्यासरशी त्याच्या फटीत सारावी लागे. मग दोरी आत पकड घेई आणि तो झपकन वर येई. बेअरिंग कोरडं आणि स्वच्छ असलं म्हणजे तो असा मोकळा फिरतो. तेल जास्त झालं तर जड होतो आणि पोरासोरांच्या खेळण्यासारखा नुसत्या झटक्याने वर चढतो.

ताईने चौथ्यांदा बघितलं. टाचणीने वरची कडी काढली, झाकण उचललं, बेअरिंग थिनरच्या बाटलीत टाकून खळखळ हलवलं. वाळवून पातळ तेलाचा एक ठिपका दिला, तोही टाचणीच्या टोकाने. दोरी नवी घातली, आतल्या रबरी चकत्या बदलल्या. भिंगरी चहा आणायला वरच्या कँटीनमध्ये गेला होता. तेवढ्यात ताई उठली आणि तिने स्वतः यो-यो फेकून पाहिला. दुरुस्ती तपासण्यापुरतं तिला त्यानेच कधीतरी शिकवलं होतं, आणि तिचा हात म्हणजे नुसता ओंडका आहे असं तोच म्हणायचा. यो-यो खाली गेला, फिरला. तिने दोरीची वेडीवाकडी घडी सारली. यो-यो परत आला.

तिने पुन्हा फेकला. पुन्हा आला. पाच वेळा फेकला, पाचही वेळा आला.

भिंगरी कप घेऊन आला तेव्हा बशीत निम्मा चहा सांडलेला होता. ताई पहिल्यांदाच त्याच्या हाताकडे नीट बघत होती. कप ठेवल्यावर उजवा हात मांडीवर पडला, आणि अंगठा व शेजारचं बोट एकमेकांवर हळूहळू घासत राहिले, चिमटीत न दिसणारी गोळी वळत असल्यासारखे. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो शनिवारच्या कार्यक्रमाबद्दल बोलत होता.

आपण यो-यो फेकून पाहिल्याचं ताईने त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिने बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं आणि मग सांगितलं की तो शर्टाची बटणं लावायला अर्धा तास घेतो, मदतीला गेलं तर खेकसतो. अक्षर मुंगीएवढं झालंय. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतो, बिघाड यंत्रात आहे, ताई बघतेय. शनिवारी स्पर्धेच्या उद्घाटनाचा खेळ. वीस वर्षं तो तोच करतो, त्याआधी दवाखान्याचा विषय नको म्हणतो. वहिनी शेवटी म्हणाली, "तुम्ही तेवढं ते यंत्र एकदाचं ठीक करून द्या हो, ताई."

शुक्रवारी यो-यो पुन्हा टेबलावर आला, तेव्हा तिने जाड तेलाची बाटली काढली. गिअरच्या दातेरी चाकांसाठीचं, मधासारखं संथ ओघळणारं तेल. बेअरिंगात कधी घालू नये असं ती नव्या लोकांना बजावायची. तिने एक थेंब घातला. मग आणखी एक.

भिंगरीने दाराबाहेर जाऊन फेकला. घडी घालायला मनगट वळलं, अर्ध्यात थांबलं, पण तेवढ्या झटक्यानेच यो-यो वर आला आणि तळहातावर बसला. तो क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघ. बेअरिंगच होतं."

"कचरा अडकला होता," ताई म्हणाली.

शनिवारी ती सभागृहात तिसऱ्या रांगेत वहिनीशेजारी बसली. भिंगरी काळ्या शर्टात मंचावर आला. टाळ्या पडल्या. पहिल्या दोन-तीन साध्या फेकी छान गेल्या, यो-यो कुत्र्यासारखा मागे मागे आला. ताईला वाटलं, इथेच थांब. एवढ्यावर नमस्कार कर आणि उतर. पण वीस वर्षं ज्यासाठी लोक बोलवत होते ते त्याला करायचं होतं. त्याने दोरीचा पाळणा केला, फिरता यो-यो त्यावर झेलला, दोरी जराशी सैल पडली, आणि जड बेअरिंगाने तिथेच दोरीला पकड घेतली. यो-यो सुटला तो सरळ त्याच्या तोंडावर आदळला.

मागच्या रांगांत कोणीतरी हसलं, मग पुष्कळ जण हसले, कारण त्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्याचा ओठ फुटला होता. त्याने बाही तोंडाला लावली, वाकून नमस्कार केला आणि चालत बाहेर गेला. वहिनी धावली.

मागच्या खोलीत तो ओठावर बर्फ धरून बसला होता. ताई दारातच उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं. तेल मी घातलं, मुद्दाम घातलं, बेअरिंगात पहिल्यापासून काही नव्हतं.

"माहितीये," तो म्हणाला. "पहिल्या फेकीलाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढं केलंस. म्हटलं, निदान परत तरी येईल."

पुढच्या आठवड्यात ते तिघं मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी भिंगरीला चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, कागदावर गोल गोल काढायला लावले. गोल लहान लहान होत गेले. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. वहिनीने ते दोनदा विचारून लिहून घेतलं. ताई विचारत होती, नेमका कुठला भाग. डॉक्टर म्हणाले, आत खोलवर, हाताला निरोप पाठवणाऱ्या पेशी कमी होत चालल्यात. ते का होतं? ते नक्की सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले.

"आणि तो भाग बदलता येत नाही?"

तिच्या तोंडून ते निघून गेलं. भिंगरीला हसू आलं आणि फुटलेला ओठ दुखला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले की बदलता येत नाही. गोळ्यांनी काही वर्षं बरी जातील, मग गोळ्या वाढवाव्या लागतील, आणि त्यानंतरचं त्यानंतर बघू. टेबलावर आलेली वस्तू आपण तशीच परत पाठवतो आहोत, असं ताईला घरी जाताना रिक्षात सारखं वाटत होतं.

दीड-दोन महिने भिंगरी तळघराकडे फिरकला नाही. शाळांचे वर्ग त्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना वाटून दिले. वहिनी सांगायची की गोळ्यांनी बटणं लागतात, सकाळी तरी लागतात. मग एका दुपारी तो आला, स्टुलावर बसला आणि यो-यो टेबलावर ठेवला.

"जाड तेल घाल," तो म्हणाला. "भरपूर घाल."

ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"खेळ वगैरे नाही करायचा. नुसता वर-खाली. तेवढं तर जमेल."

तिने बेअरिंग काढलं, चार थेंब घातले, पुसून परत बसवलं. दोरीचा फास त्याने बोटात अडकवायला घेतला. बोट हलत होतं, फासही हलत होता, दोन्ही एकमेकांना सापडेनात. ताई एरवी कुणाच्या कामात हात घालत नसे. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग त्याने हात तिच्यापुढे धरला. तिने त्याचं मनगट आपल्या डाव्या हातात पकडलं. पकडलं तरी आतलं थरथरणं थांबेना, ते तिच्या तळव्याला लागत राहिलं. दोन वेळा चुकून तिसऱ्यांदा तिने फास बोटावर चढवला.

"घट्ट झाला का?"

"नाही. बरोबर आहे."

तो उठून खोलीच्या टोकाला गेला आणि तिच्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभा राहिला. ताई टेबलाकडे वळली. वाळवायला तिच्यापुढे काहीच नव्हतं, तरी तिने हवेचा पंप चालू केला. त्याच्या घरघरीत मागे काय वर आलं आणि काय खाली पडलं, ते ऐकू येत नव्हतं.