तलवारीला दोष द्यायचा नसतो

मी एक जुनी तलवार आहे, असं मला पाहणारे म्हणत. मित्रांनो, त्यांचं मुळीच ऐकू नका. वयानं मी तुमच्या धाकट्या बहिणीएवढी असेन. पण जन्मल्या जन्मल्या मला म्हातारं करण्यात आलं, आणि ते काम इतकं बेमालूम झालं की त्यापायी एक खराखुरा म्हातारा जिवानिशी गेला. तीच गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म बेळगावबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमधला. हौशी लोकांच्या दिवाणखान्यात टांगायला तिथं जुन्या धाटणीच्या तलवारी, कट्यारी आणि ढाली बनत. आम्हाला धार लावत नसत. भिंतीवर लटकणाऱ्याला धार कशाला? लोखंडी पट्टी कापून माझं पातं झालं. पात्याच्या बुडाला आटे पाडलेला एक बारीक गज वेल्डिंग केला, त्यावर साच्यात ओतलेली मूठ चढवली आणि आतून नट आवळला. वर पितळेची टोपी बसवली. झाली तलवार तयार!

माझ्या बाकीच्या बहिणी चकचकीत निघाल्या. मला मात्र ॲसिड पाजलं, ओल्या मातीत पुरलं आणि काढून काळं तेल चोळलं. कारण मी एका खऱ्या तलवारीची नक्कल होते. ती आठवडाभर माझ्या शेजारीच बाकावर पडून होती. काळी, अंगभर खड्डे, टोकाजवळ एक खाच. कारागीर तिच्याकडे बघून माझ्या अंगावर तशीच खाच पाडायचे. तिला कापराचा आणि तिळाच्या तेलाचा वास येई. काम झाल्यावर तिला मखमलीत गुंडाळून एका मोटारीतून नेलं, आणि मला तिच्या जुन्या लाल फडक्यात बांधून एका स्कूटरवरून. फडकं तिचं, घर तिचं, देव्हाराही तिचाच. मी तिथं तिच्या नावानं राहू लागले.

स्कूटर सौरवची होती. लोंढ्याच्या रस्त्यानं आत गेलं की खानापूर तालुक्यातलं त्याचं गाव लागतं. तो बेळगावात एका कारखान्याच्या ऑफिसात होता, टेंपररी. त्याच्या साहेबांना जुन्या शस्त्रांचा भारी नाद. गावच्या जत्रेला ते सौरवकडे जेवायला आले, देव्हाऱ्यातली तलवार त्यांनी पाहिली आणि हातातला घास हातातच राहिला. "ही इथं गंजून जाईल रे सौरव. माझ्याकडे काचेत राहील," एवढंच ते म्हणाले. शहाण्याला शब्दाचा मार. आईवडील ट्रॅक्टरमधून सौंदत्तीच्या यल्लम्माला गेले, त्या आठवड्यात अदलाबदल उरकली. पुढच्या महिन्यात सौरव कायम झाला. त्याच्या आईनं, रुक्माबाईंनी, गल्लीभर पेढे वाटले. पहिला पेढा माझ्यापुढे ठेवला.

आता सौरवच्या वडिलांबद्दल सांगते. भावकूआप्पा. भातशेती करणारे, कमी बोलणारे. त्यांच्या घराण्याला गावचा एक मान होता. दसऱ्याला शिवेवर तलवारीनं कोहळा कापायचा. एकच घाव आणि दोन फाका, की गावाचं वर्ष सुखाचं. त्यासोबत घरात एक नेमही चालत आला होता. देवाची तलवार धार लावायला सहाणेवर घासायची नाही आणि तिला दोष द्यायचा नाही. घाव फसला तर खोट मारणाऱ्या हातात. खऱ्या तलवारीचं त्यात काही बिघडत नव्हतं. वर्षातून एक कोहळा कापणाऱ्या पोलादाची धार जाणार कशी? पण माझ्याकडे धारच नव्हती.

पहिल्या दसऱ्याला वाजंत्री थांबली. भावकूआप्पांनी मला कपाळाला लावलं आणि घाव घातला. कोहळा चेपला, घसरला आणि गडगडत गटारात गेला. गावातले जाणते मारुतीराव म्हणाले, "काय न्हाय रं भावकू, हात घसरला आसंल." सौरव नवा शर्ट घालून तिथंच उभा होता.

घरी आल्यावर भावकूआप्पा बायकोला म्हणाले, "हात न्हाय घसरला गं. बरोबर मारलो मी. तिनंच मला घेतलं न्हाय."

माझ्यावर संशय घ्यायचं त्या माणसाच्या मनातही आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटे, 'अहो, मी देव नाही, मी पट्टी आहे!' पण लोखंडाला तोंड कुठलं?

त्यानंतर वर्षभर त्यांनी स्वतःलाच तपासलं. मळ्यात कोयता घेऊन केळीचे बुंधे कापून पाहायचे. सपासप कापायचे. म्हणजे हातात जोर होता. मग खोट कुठं? त्यांनी मटण सोडलं, चहा सोडला, मंगळवारी निर्जळी धरली. रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसून आयुष्यातली पापं आठवत. चांगल्या माणसाची मोठी पंचाईत असते. पाप सापडत नाही म्हणून तो ते ओढून आणतो. भावकूआप्पांना वाटू लागलं की आपल्या वडिलांनी भाऊबंद रवळूच्या शेताचा बांध कोरला असावा. भर उन्हात कुदळ घेऊन त्यांनी एकट्यानं तो बांध मागं सरकवला. रवळू त्यांच्या मागोमाग घरी आला, आणि देव्हाऱ्यासमोरच दोघांचं बोलणं झालं.

"काका, ह्यो बांध बरोबरच हाय की! कशाला खांदलासा?"

"आसू दे रं. तुझं हाय म्हणून घे."

सौरव त्या दिवशी सुट्टीवर आला होता. बापाच्या तळहातावरचे फोड त्यानं पाहिले. सगळे बाहेर गेल्यावर तो माझ्यापुढे उभा राहिला. डोळ्यांत पाणी होतं. "सांगतो," तो मलाच म्हणाला, "दसरा झाला की सांगतो." तेवढ्यात रुक्माबाई आत आल्या आणि सौरव फोन कानाला लावून बाहेर गेला.

दुसऱ्या दसऱ्याला पुन्हा तेच झालं. भावकूआप्पांनी डोक्यावरचा फेटा काढला आणि सगळ्यांसमोर मला रवळूच्या हातात दिलं. "माझा हात बाटलाय. फुडच्या साली तू मार." रवळूनं मला पुन्हा देव्हाऱ्यात आणून ठेवलं. तलवार काकांच्या घरातच राहू दे, म्हणाला.

मान गेला तसं भावकूआप्पांचं जेवणही गेलं. ते चावडीकडे फिरकेनात. देव्हाऱ्याजवळ घोंगडं टाकून पडून राहत. माघ महिन्यात ताप आला तेव्हा अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी सौरवला जवळ बोलावलं.

"माझं काय चुकलं ते मला कळालं न्हाय रं. तुला काय ठावं हाय काय?"

मित्रांनो, ती वेळ होती. सौरवचे ओठ हलले. मी पाहिलं. मग तो म्हणाला, "न्हाय आप्पा."

तिसऱ्या दसऱ्याला रवळूनं मला उचललं. भाताची पोती एका हातानं फेकणारा गडी तो. त्यानं सगळा जोर लावून घाव घातला. माझं वेल्डिंग तुटलं. पातं उडून चिखलात रुतलं, मूठ उलली, आणि तिच्यातून आट्यांच्या गजाचा तुकडा आणि एक नट खाली पडला. कोहळा होता तसाच राहिला.

मारुतीरावांनी नट उचलला. ज्यांनी जन्मभर पंप आणि ट्रॅक्टर खोलले, त्यांना तो काय ओळखायला सांगायचा? "देवाच्या तलवारीत नट?" ते एवढंच म्हणाले. नट या हातातून त्या हातात फिरत फिरत रुक्माबाईंच्या तळहातावर आला. त्यांनी तो पाहिला. मग लेकाचं पांढरं पडलेलं तोंड पाहिलं.

"म्हंजे ह्यांच्या हाताचा दोष न्हवता," त्या म्हणाल्या. "त्यांनी इचारलं हुतं की रं तुला. तवा तरी सांगायचं हुतंस."

पुढं सौरव खरी तलवार परत मागायला साहेबांकडे गेला. कसली तलवार, असं साहेबांनी त्यालाच विचारलं. ती अजून त्यांच्या काचेत आहे म्हणतात. रवळूनं दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली आणि बांध पुन्हा जुन्या जागी आणून ठेवला. त्याच्या हातून तेवढंच होण्यासारखं होतं.

माझे दोन तुकडे आणि तो नट आता भावकूआप्पांच्या फोटोखाली फळीवर आहेत. रुक्माबाई मला तेल लावत नाहीत आणि फेकूनही देत नाहीत. मला त्यांचा राग येत नाही.

मित्रांनो, घरातली काळी पडलेली, खड्ड्यांची वस्तू कुणाच्या हौसेपायी देऊन टाकू नका. आणि कधी दिलीतच, तर ज्याला सांगायचं त्याला तो समोर असताना सांगा. सौरव आता दर अमावस्येला येतो, फोटोला हार घालतो आणि हात जोडून सगळं सांगतो. पहिल्यापासून, काही न लपवता. खाली फळीवर पडून मी ते ऐकते. दुसरं कुणी ऐकत नाही.