तात्यांचा पट्टा

आप्पासाहेबांना सध्या एकाच गोष्टीनं झपाटलं होतं. वडिलांच्या जुन्या मार्टिनी बंदुकीला खांद्यावर अडकवायचा पट्टा हवा होता. बंदूक नळी बुजवून भिंतीवर लावलेली, पण पट्ट्याविना ती त्यांना बोडकी दिसे. शहागंजातल्या दुकानदारानं नायलॉनचा दाखवला, छावणीतल्यानं खाकी कापडी. दोन्ही पुढच्या काळातले. वडील तात्यासाहेब निजामाच्या फौजेत होते तेव्हा बंदुकीला चामड्याचा, पितळी कडीचा पट्टा असे. लावीन तर तोच, असा हट्ट. मग आठवलं, तो पट्टा वडिलांनी वाळूजच्या मल्हारी धनगराला देऊन टाकला होता.

मल्हारीच्या बायकोला, बानाबाईला, हे रामायण कुठून ठाऊक असणार? नामांतराच्या बंदमुळं एसटी नव्हती. आप्पासाहेब लूनावर आले, चहा घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"बानाबाई, तात्यांनी मल्हारीला दिलेला पट्टा हाय ना तुझ्याकडं? तो पायजे मला."

निजामी मुलखात जमिनीच्या मालकीच्या कागदाला पट्टाच म्हणत, आणि तात्यासाहेबांनी दिलेला पट्टा बानाबाईला तेवढाच माहीत होता. चार एकरांचा, उर्दूत लिहिलेला. शेजारी कारखान्यांसाठी मोजणी चाललेली, जमिनीला सोन्याचा भाव आलेला, आणि नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. देणाऱ्याचाच मुलगा मागायला आला, त्याला नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिला राग आला, त्याहून जास्त रडू आलं. तिनं ट्रंकेतला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला.

"न्या," ती म्हणाली. "पर मेंढरं कुठं बसवू, ते तुमीच सांगा."

आप्पासाहेबांची शाळा उर्दूत झालेली. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. वडिलांनी जमीन दिल्याचं घरात कधी कुणी बोललं नव्हतं.

कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, बंदुकीचा चामड्याचा पट्टा कुठाय? बानाबाईला आत्ता कुठं घोटाळा कळला. मग तिनं दारातल्या मेंढ्याकडं बोट केलं. त्याच्या गळ्यातली घंटी त्याच पट्ट्यात ओवलेली होती. पट्टा कापून आखूड केलेला, कडी मात्र जुनीच. आप्पासाहेबांनी कडीवरून बोट फिरवलं. एवढा तुकडा बंदुकीला पुरणार नव्हता. आता छावणीतला कापडीच लावावा लागणार, असं ते पुटपुटले.

मग त्यांनी कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली.

"हा कुणाच्या हाती देऊ नको," ते म्हणाले. "कुणी मागितला तरी नाय म्हणायचं. मी मागितला तरी."