पाईप घालून आवळलेला बोल्ट

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. पटू नयेच, पटली तर तुमच्या अकलेबद्दल मला शंका येईल. पण आमचे दाजी तिथं पेपरच्या आड बसलेत आणि मी त्यांच्यादेखत सांगतोय, म्हणजे थोडंफार तरी खरं असणारच.

आमच्या वडिलांची मोटारसायकल. इतकी जुनी की हॉर्न दाबला तर आधी खाकरायची, मग वाजायची. वडिलांमागं ती ताईकडं आली आणि तिच्या घरातली मागची खोली अडवून बसली. ताईनं तिचा एकेक भाग उलगडून पुन्हा जोडला. दाजींना हवी होती खोली. शेवटी त्यांनी शब्द दिला: रविवारी दिवस मावळायच्या आत गाडी टेकडीला वळसा घालून दारात आली, तर खोलीचं नाव काढणार नाही. नाही आली, तर भंगार.

रविवारी दुपारीच भंगारवाला गाडा घेऊन दारात हजर. दाजी शब्दाला पक्के, घाईला त्याहून पक्के.

गाडी तयार होती. फोर्कच्या खालच्या टोकाला एक चिमटी असते, तिच्यात पुढच्या चाकाचा आस धरलेला असतो. त्या चिमटीचा बोल्ट ताईनं बेतानं आवळला आणि ती हात धुवायला गेली. तेवढ्यात दाजींना मदतीची हुक्की आली. पान्ह्याला लांब पाईप घालून त्यांनी अंगाचा सगळा भार टाकला. बोल्ट घट्ट झाला, आणखी घट्ट झाला, आणि एकदम लोण्यात फिरावा तसा फिरला.

बाहेर काढला तर फोर्कमधले आटे तारेसारखे त्याला गुंडाळून आले.

"असंच चालणार नाही का?" दाजी म्हणाले.

"चालेल की," ताई म्हणाली. "उतारापर्यंत. मग चाक पुढं आणि मी मागं."

"गाडा वळवून ठेवू का?" भंगारवाल्यानं विचारलं. "चढवायला सोपं पडेल."

"तुम्ही पाणी प्या."

मी पेशानं लेथवाला. आतून-बाहेरून आटे असलेला पोलादी बुश, म्हणजे बोटाएवढी नळी, कातून आणला. भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे, बुश बसवायचा, बुशात बोल्ट. सांगायला सोपं. पण भोकाशेजारची भिंत वहीच्या पुठ्ठ्याएवढी. ड्रिल तिरकं गेलं की फोर्क संपला, आणि दुसरा आणायचा तर वडिलांच्या काळात जावं लागणार.

ताईनं बाजूला काटकोन बघायचा गुण्या धरला. "डावीकडं झुकतोयस."

"नाही."

"झुकतोयस."

झुकत होतो. सरळ झालो. भोक पडलं.

मग आटे पाडायचा टॅप. थोडा पुढं, थोडा मागं, रॉकेलचा थेंब. टॅप काचेसारखा कडक. आत मोडला तर बापजन्मी निघत नाही. अर्ध्यावर तो अडला. पुढं जाईना, मागं येईना. बाहेर भंगारवाला दोरी सोडत होता.

"सोड," ताई म्हणाली. "हात थरथरतोय तुझा."

माझा हात भूकंपातही हलत नाही. पण मोठ्या बहिणीचा मान म्हणून बाजूला झालो. तिनं श्वास धरला आणि टॅप केसभर मागं घेतला. कुठंतरी कच्‌ झालं. दाजींनी डोळे मिटले. ताईनं फुंकर मारली. चंदेरी चुरा उडाला. टॅप शाबूत होता.

बुश बसला. बोल्ट शेवटाला आला तसा दाजींनी पुन्हा पाईप उचलला. भंगारवाल्यानंच तो त्यांच्या हातातून काढून गाड्यात टाकला.

उन्हं टेकडीला टेकली होती. मी गाडीवर बसलो. चढ गेला. उतारावर वळण घेतलं, आणि समोर रस्ताभर आडवा ट्रक. पुढचा ब्रेक दाबला. गाडीचा सगळा भार त्या एका बोल्टावर आला. मागचं चाक उचललं, पार डोक्याच्या वर गेलं. बोल्ट हलला नाही. तसाच मी पुढच्या एका चाकावर, ट्रकच्या खालून, हो, खालून, सरळ दारापर्यंत आलो. मागं काय चाललंय ते बघितलंसुद्धा नाही. मागं होतंच कोण...

पेपर खाली आला.

"खोटं," दाजी म्हणाले. "गाडी ती चालवत होती. आणि मागं मी बसलो होतो."