दोनशे मिली काळं तेल

माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, पण इंजिनातलं तेल कधीच खोटं बोलत नाही. हार्वेस्टर कंपनीचा इंजिनिअर धर्मेंद्र अकोल्याच्या ऑफिसात हे इतक्या गांभीर्याने म्हणाला, की संघपालला आपण प्रवचनाला येऊन बसल्यासारखं वाटलं. मग धर्मेंद्रने तेल तपासून घ्यायला पुण्याच्या लॅबचा पत्ता दिला. नमुन्याची बाटली मात्र दिली नाही. बाटल्या संपल्या होत्या.

संघपाल अकरा वर्षांपासून इनायतुल्लाचं हार्वेस्टर चालवत होता. आधी जुनं, आता हे नवं, वॉरंटीतलं. ऐन सोयाबीनच्या हंगामात चांदूर बाजारजवळच्या एका वावरात ते खडखडलं आणि जाम झालं. धर्मेंद्र आला, त्याने मशीनला एक प्रदक्षिणा घातली आणि ड्रायव्हरने तेल वेळेवर बदललेलं नाही असं निदान केलं. संघपालने डायरी पुढे केली. तेल बदलल्याची प्रत्येक तारीख, मशीनचे तास, सगळं होतं. धर्मेंद्र म्हणाला, साऱ्या नोंदी एकाच पेनाने लिहिलेल्या दिसतात. संघपालकडे पेन एकच होता.

इनायतुल्ला अचलपूरचा, बोलायला मऊ. तो भांडला नाही. "संघपालभाऊ, मी काय तुमच्यावर शक करून राहिलो का?" एवढंच म्हणाला. "रिपोर्ट येऊ द्या." आणि मशीनची चावी मागून घेतली. जाम झालेल्या मशीनची चावी घेऊन माणूस काय करणार? पण घेतली. संघपालला ते लागलं.

त्याने नवी कोरडी बरणी आणली, खालचा बोल्ट ढिला करून आधीची धार सोडून दिली, मग दोनशे मिली तेल धरलं. मशीनचा नंबर, तास आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती बरणीला बांधली आणि अमरावतीची एस.टी. पकडली.

कुरिअरच्या काउंटरवरच्या संध्याने विचारलं, आत काय आहे. तेल, म्हणाला. तेल जात नाही, तिने सांगितलं, पातळ काहीच जात नाही. हे पेटत नाही, सांडलं तरी धावत नाही, असं संघपाल समजावत होता, तोवर मागच्या बाईने मुलासाठी पुण्याला पाठवायची बरणी पुढे सरकवली. लोणच्यावर बोटभर तेल तरंगत होतं. संध्याने चिकटपट्टी मारून ती आत ठेवली.

"हे मंग काय आहे?" संघपालने विचारलं.

"ते लोणचं आहे काका."

तो आणखी दोन काउंटर फिरला. तिथेही तेल जात नव्हतं. ट्रॅव्हल्सवाला न्यायला तयार होता, पण पुण्यात पहाटे पाचला पुलाखाली कोणीतरी घ्यायला यावं लागलं असतं, आणि लॅब पुलाखाली येत नाही. दुपारी संघपाल पुन्हा संध्यासमोर उभा राहिला. तीही थकली होती.

"काका, मी उघडून पाहत नाही. वर काय लिवाचं ते तुमचं तुमी पाहा."

अकरा वर्षांच्या डायरीत त्याने एक आकडा खोटा लिहिला नव्हता. आता त्याच पेनाने, वळणदार अक्षरात त्याने खोक्यावर लिहिलं: आंब्याचं लोणचं, घरगुती.

पुढचे तीन आठवडे पंजाबकडून आलेल्या मशिनी तालुक्यातलं सोयाबीन काढत होत्या. इनायतुल्ला रस्त्यात भेटायचा, गुडघेदुखीचं बोलायचा, नातीच्या शाळेचं बोलायचा. मशीनचं बोलत नव्हता.

रिपोर्ट आला. लॅबमध्ये पाणी, दूध, तेल, माती, सगळंच तपासत. वाटेत बरणी झिरपली होती, चिठ्ठी काळी झाली होती आणि वाचण्यासारखं फक्त खोकं उरलं होतं. त्यामुळे नमुना अन्न विभागात गेला. रिपोर्ट चार पानी होता. रंग: काळा. वास: करपट. मीठ: नाममात्र. आंब्याच्या फोडी: आढळल्या नाहीत. तांबे व शिसे: मर्यादेच्या कैकपट. निष्कर्ष: मानवी सेवनास अयोग्य.

संघपाल तो घेऊन इनायतुल्लाच्या ओट्यावर बसला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा, तांबं अन् शिसं. हे बेअरिंगचं आहे. बेअरिंग झिजलं."

इनायतुल्लाने चष्मा लावून चारही पानं उलटली. "अन् तेल कवा बदललं, ते कुठी लिवलं?"

"ते नाही लिवलं."

"मंग काय लिवलं?"

"मीठ कमी आहे, असं लिवलं."

इनायतुल्ला हसला नाही. त्याने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला गेले. संघपाल सगळं खरं सांगायचं ठरवून गेला होता, लोणच्यासकट. धर्मेंद्रने रिपोर्ट घेतला, शिक्का आहे का पाहिलं आणि न वाचताच फाइलला लावला. नवं इंजिन मंजूर आहे, म्हणाला.

"वाचलं नाही सायेब तुमी," संघपाल म्हणाला. "माही चूक होती का नाही, ते तरी सांगा."

फाइलला एक रिपोर्ट लागतोच, धर्मेंद्र म्हणाला, बाकी काही नाही. आणि त्याने कंपनीचं पत्र पुढे सरकवलं. या मॉडेलची बेअरिंगं कारखान्यातूनच कच्ची आली होती. जाम होईल ते प्रत्येक इंजिन बदलून द्यायचं, असा हुकूम होता.

संघपालने पत्र दोनदा वाचलं आणि इनायतुल्लाकडे दिलं. पत्रावर तारीख चौदा ऑगस्ट होती. मशीन जाम झालं होतं सहा ऑक्टोबरला.