मंत्र सुटला, धोंडा उरला

मी सापळा बोलतोय. उंदराचा नव्हे, माणसांचा. बसा निवांत, घाबरू नका. माझ्या पोटातले दोन्ही धोंडे आता पडून गेलेत.

माझा जन्म अंबाजोगाईत, भगवानरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर झाला. भगवानराव खिळे, बिजागऱ्या, दोरखंड विकतात. फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ ते मोबाईलवर बघून बघून स्वतःच शिकले, आणि त्याच खेळासाठी त्यांनी मला काढलं. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढायचं, रंगाच्या डब्यांवर बसायचं. भगवानराव गोष्ट सांगणार; बाकीच्यांचा एकेक वीर, कागदावर लिहिलेला. वार बसला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. आणि दुकानाचा रिवाज असा, की वीर मेला की त्याच्या कागदाची खिळ्यांसाठी पुडी व्हायची. कितीही शूर असो, अर्धा किलो खिळे मावतातच.

माझी रचना साधी. राक्षस सरदाराच्या किल्ल्यातला बोळ, त्यात दोन उंबरे. प्रत्येक उंबऱ्यावर चमकणारी निळी अक्षरं आणि त्याच्या पलीकडं छताला खोलीएवढा धोंडा अधांतरी. परक्याचा पाय अक्षरांवर पडला की धोंडा खाली. सरदाराला मात्र अक्षरं ओळखत.

माझं पहिलं गिऱ्हाईक वायरमन रामेश्वरचा तलवारबाज. तो अक्षरं ओलांडून धोंड्याखाली उभा राहिला, वर बघत. "थांब, मी मंत्रतोड टाकतो," शेजारच्या डब्यावरचा हरिओम म्हणाला. त्याचा मांत्रिक कुठलीही जादू विझवू शकायचा. फासा पडला. अठरा! टाळ्या वाजल्या.

अक्षरं विझली आणि धोंडा सुटला. तलवारबाजाची मान छातीत घुसली, बरगड्या वाळल्या काटक्यांसारख्या मोडल्या, रक्ताची चिळकांडी थेट हरिओमच्या मांत्रिकाच्या तोंडावर उडाली.

"आरं, जादू तोडली ना? मग धोंडा काहून पडला बे?" रामेश्वर ओरडला.

"जादू तोड म्हणला, तोडली," भगवानराव चहा फुंकत म्हणाले. "धोंड्याचं कुणी काय बोललंच न्हाई."

फासा हुकला असता तर गडी जगला असता. परवा एक जण दुकानात पत्र्याचा बोल्ट काढायला पाना मागत होता. त्या बोल्टानं काय धरलंय, असं भगवानरावांनी विचारलं तर म्हणे, काढल्यावर बघू. मला हरिओमच आठवला.

रामेश्वरच्या वीराची पुडी झाली. पुढच्या रविवारी उरलेले दोघं धोंड्याच्या कडेनं सरकत दुसऱ्या उंबऱ्याशी आले. मागून सरदार, हातात कुऱ्हाड. पुढं सुकन्याची चतुरा. सुकन्या उमापूरची, इथं नर्सिंग शिकते. चतुराबाई तिच्या आजीचं नाव. ऊसतोडीला गेलेल्या आजीचा एक पाय गाडीवरून घसरलेल्या उसाच्या मोळ्यांखाली गेला होता. नातीनं कागदावर तिला दोन धड पाय दिले, भाला दिला, आणि तीन वर्षं जपलं. त्या कागदाची पुडी होऊ नये म्हणून सुकन्यानं तो तळहाताखाली दाबून धरला होता.

"तोडू का?" हरिओमनं विचारलं.

"खबरदार! आजीच्या गाडीची दोरी अशीच कुणीतरी सोडली व्हती. दोरी पाडत न्हाई, दोरी धरून ठेवती." ती वळली. "काका, खरं सांगा. ही जादू धोंडा पाडती का धरती?"

भगवानरावांना खोटं बोलता येईना. "धरती."

"मग हरिओम, आपण अक्षरांवरून उड्या मारून पलीकडं जाऊ. सरदार धोंड्याखाली आला की तोड."

मांत्रिक पलीकडं पोचला. चतुरानं उडी मारली, धोंड्याखालून पळाली. पण सरदारानं धोंड्याखाली शिरून, लांब हात टाकून तिचा घोटा धरला. ती कडेला आडवी पडली. धड बाहेर, उजवा पाय धोंड्याखाली. सरदारानं कुऱ्हाड उचलली.

"तोड!"

"येडी का? तुझा पाय हाय खाली!"

"लई विचार करू नको, तोड म्हणते ना!"

फासा पडला. सतरा.

धोंड्यानं सरदाराची कवटी नारळासारखी फोडली, कणा चिरडला. गुडघ्याखाली चतुराचा पायही पिठासारखा झाला. दुकानात कुणी टाळी वाजवली नाही. भगवानरावांनी पेन पुढं केलं. सुकन्यानं कागदावरचं 'दोन पाय' खोडून 'एक पाय' लिहिलं.

"आता आजीसारखीच दिसती," ती म्हणाली आणि कागदाची घडी करून दप्तरात ठेवली.

राहिलो मी. रिकामा सापळा कुणाच्या कामाचा? भगवानरावांनी मला दोन घड्या घातल्या, अर्धा किलो खिळे भरले, वर सुतळी बांधली. आज-उद्या कुणीतरी मला घरी नेईल. तुम्हीच नेलंत, तर एवढंच करा: सुतळी ओढायच्या आधी खालून हात लावा.