धाकट्याचं कुलकुल

नाताळ तोंडावर आला होता, आणि शकू भरलेली ताटली घेऊन दारात उभी राहिली. रेमेतच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

वाशिंदच्या त्या आळीत या दोन घरांमधल्या ताटलीची वाट ठरलेली होती. दिवाळीला ती शकूकडून रेमेतकडे यायची, चकल्या-करंज्या घेऊन. नाताळाला तीच ताटली रेमेतकडून शकूकडे जायची, मैद्याची तळलेली गोड कुलकुलं आणि करंजीसारख्या नेवऱ्या घेऊन. इतक्या वर्षांत ती कधी उलटी आली नव्हती. आज आली.

रेमेतने वरचा रुमाल उचलला. खाली कुलकुलं होती. काही बेढब, काही तळताना उकललेली, पण कुलकुलंच.

"मीच केलीत," शकू म्हणाली. "तुझ्याजवळ बसून बसून शिकले ना, ताय. यंदा तुमच्याकडं कढई नाय चढणार, म्हणून म्हटलं..."

"कोण म्हणालं नाय चढणार?"

शकूने पदर सारखा केला. "अगो, घरातलं माणूस गेलं की वर्षभर सणाचं तळण नाय करायचं. शेजाऱ्यांनी द्यायचं. आमच्यात तसंच, तुमच्यात पण तसंच. तुझी सासू गेली तेवा तूच सांगितलंस."

"सासू माझ्या मांडीवर गेली. मी तिला माती दिली." रेमेतचा आवाज चढला. "माझ्या एलूला जाताना बघितलंस तू? कोणी बघितलं?"

तिने रुमाल पुन्हा ताटलीवर टाकला आणि ताटली शकूच्या हातात कोंबली. "परत ने."

शकू वाईट बाई नव्हती, हे आताच सांगून टाकलेलं बरं. वाईट बाया आळीत दुसऱ्या होत्या. त्या ताटली घेऊन येत नव्हत्या, नळाशी उभ्या राहून नुसते सुस्कारे टाकत होत्या आणि रेमेत जवळ आली की हंडे उचलून चालू पडत होत्या. शकू बिचारी करायला गेली एक आणि झालं भलतंच. ती ताटली घेऊन घरी गेली.

एलू म्हणजे एल्विन, रेमेत आणि तिचा नवरा बस्त्याव यांचा एकुलता एक मुलगा. मुरबाडला एका कारखान्यात कामाला होता, मोटारसायकलवरून जायचा-यायचा. ऐन श्रावणात एका संध्याकाळी परतताना वाटेतल्या फरशीच्या पुलावरून पाणी चाललं होतं. बाकीची माणसं अलीकडे थांबली होती म्हणतात. एलू थांबला, की थांबला नाही, की आधीच पुढे गेला होता, ते कोणालाच नक्की सांगता येईना. मोटारसायकल सकाळी खाली करंजाच्या झुडपात अडकलेली सापडली. एलू सापडला नाही. बस्त्यावने टिटवाळ्यापर्यंतचे नदीचे काठ पालथे घातले, पुढे खाडीवरच्या कोळ्यांनाही विचारून आला. मग एक दिवस तो जायचा थांबला आणि ओसरीवर बसून राहू लागला.

रेमेत रडली नव्हती. रडायचं ते मेलेल्यासाठी. तिच्या मते एलूच्या डोक्याला मार लागला असणार, कुठल्या तरी गावात कोणीतरी त्याला ठेवून घेतलं असणार. फादरनी एलूच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा ठेवण्याचं हळूच सुचवलं, तेव्हा ती भर देवळात म्हणाली, "फादर, जित्या माणसाची मिस्सा करतात काय?" त्यानंतर कोणी विषय काढला नाही. दर रविवारी ती एलूच्या खाटेवरची चादर बदलायची. बस्त्याव यावर हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्या या गप्प बसण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग होता.

शकू गेल्यावर रेमेतने पिशवी उचलली आणि तणतणत बाजारात गेली. मैदा आणला, नारळ आणले, नवी कोरी फणी आणली. कुलकुलं फणीच्या दात्यांवर वळतात, आणि केसांना लागलेली फणी चालत नाही, म्हणून दर नाताळाला नवी. चढवणारच कढई. बघू दे आळीला धूर.

सासूची रीत तिच्या हातात बसलेली होती. नारळाचं पहिलं घट्ट दूधच घ्यायचं, पाण्याचा थेंब नाही. चमचाभर तूप, थोडी साखर आणि न विसरता चिमूटभर मीठ, कारण मिठाशिवाय गोडाला गोडी नाही. मग कानाच्या पाळीइतकं मऊ होईपर्यंत मळायचं. रेमेतने इतक्या जोराने मळलं की परात जमिनीवर सरकत राहिली. बस्त्यावने तिच्याकडे पाहिलं, आत आला, उरलेला नारळ खवून दिला आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसला.

दुपार कलली. पिठावर ओलं फडकं होतं, शेजारी फणी होती, चुलीवर रिकामी कढई होती. रेमेत परातीसमोर बसली आणि बसूनच राहिली.

सासूची आणखी एक रीत होती. पहिलं कुलकुल घरातल्या सगळ्यात धाकट्याने वळायचं. ते आधी तळायचं, नाताळासाठी घरात मांडलेल्या गोठ्यातल्या बाळ येशूपुढे ठेवायचं, आणि तोवर दुसऱ्या कोणी एकही वळायचं नाही. एलू बसायला लागला त्या वर्षापासून हे काम त्याचं. पहिल्या वर्षी त्याने पिठाचा गोळाच खाऊन टाकला होता. पुढे मिशा फुटल्या, कामाला लागला, तरी नाताळाला परातीसमोर मांडी घालावीच लागायची. गेल्या वर्षी त्याने मुद्दाम उंदराएवढं वळलं, ते आतून कच्चं राहिलं, आणि वर आईलाच म्हणाला, "माझं लग्न लावून दे गो. घरात कोणी धाकटं आलं की सुटलो मी." रेमेत तेव्हा लाटणं घेऊन त्याच्या मागे लागली होती. आणि मनातल्या मनात तिने सून शोधायलाही घेतली होती.

फडकं सुकलं. तिने ते पुन्हा भिजवून घातलं. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल आळीत शिरली. रेमेतची मान वर झाली. गाडी पुढे निघून गेली.

बस्त्याव आत आला आणि तिच्यासमोर बसला. गुडघे धरतात म्हणून तो हल्ली खाली बसत नसे.

"पीठ सुकतंय," तो म्हणाला.

"सुकू दे. येईल तो."

त्याने फडकं बाजूला केलं आणि पिठाचा गोळा तोडायला हात घातला. रेमेतने त्या हातावर फटका मारला.

"तुमी नाय! धाकट्यानं वळायचं. रीत ठाऊक नाय का तुमाला?"

बस्त्यावने हात मागे घेतला नाही. गोळा तोडला, तळहातावर गोल केला आणि तिच्यापुढे धरला.

"मंग तू वळ," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा सहा वर्षांनी ल्हान हायस, रेमेत. घरात आता तूच धाकटी."

इतक्या महिन्यांत त्याने नदीविषयी, पुलाविषयी, पोराविषयी एक शब्द काढला नव्हता. आताही काढला नाही. रेमेतला वाटलं, ओरडावं, परात उधळून द्यावी, या माणसाला घराबाहेर काढावं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि गोळा अजून तिच्यापुढेच होता. तिने तो घेतला. फणीवर ठेवला, अंगठ्याने दाबला, गुंडाळला. दात्यांच्या बारीक रेघा नीट उठल्या. एलूच्या हातून त्या कधीच नीट उठल्या नव्हत्या.

मग ती उठली. चुलीवरची कढई उतरवून फळीवर पालथी घातली. परात उचलली, ते एक कुलकुल पिठावर ठेवलं आणि तशीच अनवाणी आळी ओलांडून शकूच्या दारात गेली.

शकू तांदूळ निवडत होती. रेमेतला पाहून घाबरून उभी राहिली.

"तुझ्याकडं तेल तापव," रेमेत म्हणाली. "आमच्या घरात यंदा कढई नाय चढवायची."

शकूने परात हातात घेतली.

"आणि सकाळची ती ताटली दे."

ताटली फळीवर तशीच होती, रुमालासकट. रेमेतने एक उकललेलं कुलकुल तोंडात टाकलं, हळूहळू चावलं.

"मीठ विसरलीस, गो," ती म्हणाली, आणि ताटली मांडीवर घेऊन शकूच्या उंबऱ्यावर बसली, आणि पोरासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडली.